मापाचं ब्लाऊज

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे वाचताना मला कुणी सोशीक, मोठ्या मनाची वगैरे समजायचं. आम्ही दोघी एकाच घरातल्या सुना. सासू मला 'मोठी' म्हणते आणि तिला 'लहानी'. ती लग्न होऊन आली तेव्हा मला बरंच वाटलं होतं, घरात कामाला दोन हात वाढले म्हणून. पोटात दुखायला लागलं ते शिलाईच्या क्लासपासून.

आमचं गाव मध्य प्रदेशात, किरनापूरपासून जवळच. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि पोरंसोरं तर आता घरातही हिंदीच बोलतात. मी गोंदियाकडच्या खेड्यातली, सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलेली. जाऊ बालाघाट शहरात वाढलेली, बारावी पास. तिची हिंदी अशी की बँकेतला साहेब तिला 'आप बैठिए' म्हणतो. मला म्हणतो, 'क्या है, अम्मा?' आमच्या दोघींत वयाचं अंतर फक्त सात वर्षांचं आहे.

पण शिलाई माझी होती. मशीन मी माहेराहून आणलेली, काळी, पायडलची, आणि तिच्यावर अर्ध्या गावाची ब्लाऊज शिवलेली. जाऊ नवी असताना एका दुपारी तिला करमत नव्हतं म्हणून मी तिला मशीनवर बसवलं होतं, सुई ओवायची कशी, पाय मारायचा कसा ते दाखवलं होतं. तिचा दोरा दर वितीला तुटत होता. आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. एवढंच काय ते मी तिला शिकवलं.

आमच्याकडे बाया टेप लावून माप देत नाहीत. अंगाला कुणी हात लावायचा, मग ती शिवणारी बाईच का असेना, याचा फार संकोच. त्यापेक्षा प्रत्येकीचं एक मापाचं ब्लाऊज ठरलेलं असतं, अंगाला नीट बसलेलं. नवीन शिवायचं असलं की ते कापडासोबत पिशवीत घालून धाडायचं आणि निरोप द्यायचा, 'याच्यासारखंच शिवजो.' माझ्याकडे नेहमी येणाऱ्या बाया तर ते परतही न्यायच्या नाहीत. अशी वीसेक ब्लाऊज माझ्या पेटीत होती, कुणाचं कोणतं ते कळावं म्हणून आतून वेगवेगळ्या रंगाची चिंधी टाचलेली. अर्धं गाव माझ्या पेटीत घडी घालून ठेवलंय, असं मी म्हणायचे आणि बाया खिदळायच्या. त्यात सासूचंही एक होतं, हिरव्या चिंधीचं.

धान कापून झालं, मळणी आटोपली, आणि गावाच्या समाजभवनात बायांसाठी क्लास सुरू झाला. आठवड्याचे चार दिवस शिलाई आणि शनिवारी स्वयंपाक. शिकवणाऱ्या मॅडम बालाघाटहून बसनं यायच्या, खांद्यावर टेप, हातात खडूची डबी. मी शिकायला नाही, दाखवायला गेले होते. जाऊ माझ्यामागे आली ती सासूनं सांगितलं म्हणून. "लहानीलेबी घेऊन जाय वं मोठे, तिलेबी दोन टाके येतीन," सासू म्हणाली, आणि मी तिला घेऊन गेले. माझ्याच हातानं नेली.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं की पुढचा क्लास हट्टा गावात व्हायचा आहे आणि तो चालवायला आपल्यातलीच एक बाई निवडायची आहे. त्या क्षणी माझं नाव माझ्या मनात लिहून झालं. पंधरा वर्षं लोक मला 'ते शिवणारी' म्हणत आले. दारात उभं राहून, चप्पल न काढता, 'हे आटपून दे वं' म्हणत आले. हट्ट्याच्या बायांनी मला मॅडम म्हणावं, मी आत आल्यावर सतरंजीवरून उठून उभं राहावं, मी खडू मागावा आणि कुणीतरी तो पुढे करावा, हे मला पाहिजे होतं. दुसरं काहीच नको होतं.

क्लास हिंदीत चालायचा. माझ्या बोटांना सगळं यायचं आणि तोंडाला काहीच नाही. मॅडमनी विचारलं की मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, कसा काढायचा, तर मी कात्री घेऊन काढून दाखवला असता, पण त्यांना सांगून पाहिजे. मी उभी राहिले आणि काहीतरी 'कपड़ा ऐसा गोल लेके, फिर वो वाला कोना काटना' असं बोलले. बाया हसल्या. त्यातल्या निम्म्या जणींची ब्लाऊज माझ्याच पेटीत होती. मग मॅडमनी जावेला उभं केलं. तिनं वहीत बघून सगळं धडाधडा सांगितलं, किती इंच, कुठून कुठे, गोलाई कशी. मॅडम म्हणाल्या, "बहुत बढ़िया! ऐसे समझाना चाहिए." जिच्या हातची सरळ शिलाई अजून सापासारखी जात होती, ती बढ़िया! मी खाली मान घालून बसले आणि वर्तमानपत्राचा कागद उगाच कापत राहिले.

शनिवारच्या स्वयंपाकात मी म्हटलं आता बघू. मी पातोडीचा रस्सा केला. बेसन असं घोटलं की वडी पडताना सुरीला चिकटली नाही, आणि रश्श्यावर लाल तर्री. आमच्या घरी या रश्श्यासाठी पाहुणे मुक्काम वाढवतात. मॅडमनी चमच्याचं टोक बुडवून चाखलं, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "स्वाद अच्छा है, पर तेल बहुत है, दीदी." जावेनं त्या दिवशी नुसती मोकळी भाजी आणि चिन्नोरचा भात केला होता. त्या भाताचा वास काय कुणी आपल्या हातानं घातलेला असतो? तांदळाचाच असतो. पण मॅडमनी दोनदा वाढून घेतला. घरी येताना जाऊ म्हणाली, "ताई, तुमचा रस्सा सगळ्याईनं चाटून पुसून खाल्ला." मला वाटलं, ही आता मला समजावते आहे. तिच्या चांगुलपणाचाही मला राग यायचा, हे खरं.

मॅडमची एक गोष्ट मला मुळीच पटायची नाही. त्या म्हणायच्या, जुन्या ब्लाऊजवरून माप घेऊ नका, अंगावरून घ्या. मी मनात म्हणायचे, बाई, तुम्ही बालाघाटच्या, तुम्हाला काय माहीत आमच्या बाया. जावेनं ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

शेवटची परीक्षा अशी ठरली: प्रत्येकीनं आपापल्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईसाठी एक ब्लाऊज शिवायचं, आणि ठरल्या दिवशी त्या म्हातारीनं ते समाजभवनात घालून दाखवायचं. मुदत आठ दिवस. आमच्या घरातली म्हातारी एकच, आणि परीक्षेला बसणाऱ्या आम्ही दोघी. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "तो अम्माजी को दो मिलेंगे." मला हसू आलं नाही.

सासूबद्दल थोडं सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी ती धानाच्या बांधीत पाय घसरून पडली आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात काही वर जाईना. तेव्हापासून तिची आंघोळ, वेणीफणी, कपडे बदलणं जावेकडे. तसं कुणी वाटून दिलं नव्हतं. सुरुवातीचे चार दिवस मी शिलाईच्या घाईत होते, जावेनं केलं, आणि मग ते तिचंच झालं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मी रांधायचे, मशीन चालवायचे. सासूला ताट नेऊन द्यायचे, बोलायचे, भांडायचे. ती कायम दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसलेली असायची. कधी कधी दोरीवर तिची वाळत घातलेली ब्लाऊज दिसायची, बगलेपासून खालपर्यंत हातानं आत मारलेले मोठमोठे वाकडे टाके. हे जावेचे हात, मी ओळखायचे. चांगल्या शिवलेल्या ब्लाऊजची काय दशा करते ही, म्हणून मी एकदा शेजारणीला ते टाके दाखवून हसलेसुद्धा होते. ते टाके तिनं का मारले, हे विचारायचं मला सुचलं नाही.

परीक्षेचं कापड आणलं त्या दुपारी जाऊ माझ्या खोलीच्या दारात आली. मी पेटीवरच बसले होते.

"ताई, आईचं मापाचं ब्लाऊज तुमच्यापाशी असन ना? एक डाव पाहाले द्या."

"नाही वं," मी म्हटलं. "उंदरानं कुरतडलं. मागंच टाकून देल्लं."

"हौ का?" ती म्हणाली. "मंग मी कसं करू?"

"कर आपलं कसंबी. बारावी पास हायेस."

ती गेली. मी पेटीतून हिरव्या चिंधीचं ब्लाऊज काढलं. छान होतं ते, मीच शिवलेलं, सासूच्या पडण्याच्या आधीचं. कापडावर अंथरलं, खडूनं रेघा ओढल्या आणि असं शिवलं की तसं मी आजवर कुणाचंच शिवलं नाही. आतली शिलाई बाहेरच्यासारखी, गळ्याची पट्टी केसभरही वळलेली नाही, हुक सगळे एका रेषेत. आठ दिवस जाऊ काय करते आहे याकडे मी बघत नसल्यासारखं बघत होते. ती कापायची, उसवायची, पुन्हा कापायची. माझीच मशीन मागून घ्यायची आणि तिचा दोरा तुटायचा. मला गाढ झोप लागायची त्या दिवसांत.

परीक्षेच्या दिवशी समाजभवनात गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या आल्या होत्या, काही पोरांच्या मोटरसायकलवर बसून, काही काठी टेकत. कोपऱ्यात साडी बांधून आडोसा केला होता. आमची पाळी आली तेव्हा मॅडम, मी आणि जाऊ, सासूला घेऊन आत गेलो. मॅडमनी आधी माझं ब्लाऊज हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि म्हणाल्या, "वाह, दीदी. सफ़ाई देखो." मी जावेकडे बघितलं. ती सासूचा पदर उतरवत होती.

पदर उतरला आणि मी सासूला तीन वर्षांनी पाहिलं. रोज पाहत होते, पण पाहिलं तेव्हा. उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली गेलेला. गळ्याखालची हाडं वर आलेली. दंड माझ्या मनगटाएवढा उरलेला. जावेनं तो हात अलगद उचलून माझ्या ब्लाऊजच्या बाहीत घालायला बघितला, तो मुंढ्यातून पुढे सरकेचना. सासू कण्हली. कसंबसं चढवलं, तर ते एका खांद्यावरून घसरलं आणि छातीवर रिकाम्या पिशवीसारखं लोंबलं.

सासूनं मान खाली घालून ते बघितलं, कापडावरून हात फिरवला. तिनं ओळखलं.

"हे तं माह्या जुन्या आंगाचं हाय वं, मोठे," ती म्हणाली.

उंदरानं कुरतडलेल्या मापाचं इतकं हुबेहूब ब्लाऊज कसं काय शिवून झालं, हे आता त्या आडोशात आम्हा तिघींनाही कळलं असावं. मॅडमना नसेल कळलं. जावेनं एकदाच माझ्याकडे बघितलं. ती भांडली असती, सगळ्यांदेखत बोलली असती, तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. तिनं माझं ब्लाऊज काढलं, घडी घातली आणि आपलं पुढे केलं.

तिची शिलाई वाकडीच होती, ते मी आजही सांगेन. पण उजवा खांदा तिनं खाली उतरवला होता, मुंढा मोठा ठेवला होता, आणि त्या खांद्यावरून बाहीपर्यंत सगळं मोकळं करून टिच बटणं लावली होती. हात वर करायची गरजच नाही. सासूनं डाव्या हातानं ते अंगावर ओढलं आणि एकेक बटण दाबलं. टिच, टिच. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःच्या हातानं ब्लाऊज घातलं. नंतर ती आडोशातून आपली आपण बाहेर गेली, सगळ्यांना दाखवायला.

मॅडमनी विचारलं, माप कसं घेतलं? जावेनं कमरेला खोचलेली एक सुतळी काढली. ठिकठिकाणी गाठी मारलेल्या. आंघोळ घालताना घेतलं, ती म्हणाली, टेप पाण्यानं खराब झाली असती. आणि मग खाली बघून, "मापाचं ब्लाऊज नव्हतं ना घरी, म्हणून."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी ते ब्लाऊज तिच्या हातात ठेवलं असतं, तर कदाचित तीही माझ्यासारखीच फसली असती. हट्ट्याचा क्लास तिला मिळाला. घरी आल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "ताई, तुमचं ते ब्लाऊज मले द्याल का?" मला वाटलं, उसवून कापड वापरायचं असेल. "घे, जाळ नाहीतं," मी म्हटलं.

आता ती रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन हट्ट्याला जाते, आणि सासूची आंघोळ माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मी पाणी जास्त तापवलं. दुसऱ्या दिवशी दुखरा हात जोरात ओढला. सासू ओरडली, "हळू वं! लहानीचा हात कसा हलका हाय." उघड्या अंगावर पाणी ओतत बसलेली मी, आणि तिथेही मला जाऊच आडवी आली. साबण लावता लावता मला रडू आलं. सासूला ते पाणीच वाटलं असेल. हळूहळू जमलं. आता मला माहीत आहे, पाठीच्या कोणत्या हाडाला अंग घासायचा गोटा लागू द्यायचा नाही आणि कोणत्या बाजूनं टेकवलं की तिला बसवतं.

मागच्या महिन्यात मी किरनापूरच्या बाजारात भाजी घेत होते. बाई दिसली की मी आधी तिच्या ब्लाऊजकडे बघते, ही माझी जुनी खोड. भाजीवालीचं ब्लाऊज अंगाला छान बसलं होतं.

"कोणापाशी शिवलं वं?" मी विचारलं.

"मीनंच शिवलं," ती ऐटीत म्हणाली. "हट्ट्याच्या क्लासात शिकून राह्यली मी. आमची मॅडम भल्ली चांगली हाय."

आमची मॅडम! मी वांगी निवडत राहिले. ती आपणहून सांगत होती. "पयल्याच दिवशी तिनं एक ब्लाऊज दाखवलं. म्हणे, सिलाई पाहा, अशी सिलाई मले अजून नाही जमत. मंग म्हणे, पण हे जिच्यासाठी शिवलं, तिले एकबी दिवस घालता नाही आलं. काहून? तं आंग नाही पाह्यलं."

मी हातातलं वांगं खाली ठेवलं. "कोणाचं होतं म्हणे ते?"

"नाव नाही सांगत. आमी लय विचारलं. म्हणे, ज्याईनं मले मशीनवर बसाले शिकवलं, त्याईचं."

मला तिचा इतका राग आला! तिथं हट्ट्याला, मी नसताना, माझं ब्लाऊज हातात घेऊन तिनं माझी चुगली केली असती तर मला कळलं असतं की आम्ही दोघी सारख्याच आहोत. तेवढंही सुख तिनं मला दिलं नाही. आणि नाव तरी का लपवावं? एवढी सफाईची शिलाई, तिला नाव नको?

"माहं होय ते," मी म्हटलं. "सिलाईबी माही अन् मापबी माहंच."

भाजीवालीनं तागडी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "अव्वा! मंग तुमीच काहून नाही शिकवत?"

"घरी म्हातारीची आंघोळ राहिली हाय," मी म्हटलं आणि पिशवी उचलली.

निघताना दुकानातून टिच बटणांची एक पट्टी घेतली. लहानीनं शिवलेलं ब्लाऊज सासू अजून घालते, पण गेल्या दोन महिन्यांत तिचा तो खांदा आणखी बोटभर खाली आला आहे आणि दंड आणखी बारीक झाला आहे. हे लहानीला माहीत नाही. मला माहीत आहे.